मदत हवी आहे: रूममेटला आयसीसीकडे (कॉलेजची लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती) तक्रार करायचीय

माझी हॉस्टेलची रूममेट, इथेच मुंबईत एमए करतेय, तिच्यावर एका सिनियरने जबरदस्ती केली, दोन महिने होत आले तरी ती रात्री दाराला खुर्ची लावूनच झोपते. लैंगिक छळाविरोधी 2013 च्या कायद्याप्रमाणे आयसीसीकडे तक्रार 3 महिन्यांत द्यायची असते, कारण पटलं तर अजून 3 मिळतात, एवढं कळलंय. डिपार्टमेंटच्या मॅडम म्हणतात आधी आपसात मिटवा, मला हे अजिबात पटत नाही. पोलिसात जायचं का (झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते) ते तीच ठरवेल. कोणी आयसीसीसमोर गेलंय का, व्हॉट्सअ‍ॅप चॅट कसे दिले? दादरजवळ कमी फीवाली चांगली काउन्सेलर असेल तर प्लीज सांगा, तिचं नाव मात्र विचारू नका.