घराजवळची 'डेट': सातारकरांनो, तुमचे अनुभव सांगा

शनिवार पेठेतली
'डेट नाईट' हा शब्द आमच्या घरात भाचीने आणला. तोवर आम्ही 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणायचो आणि सासूबाई लगेच म्हणायच्या, "येताना कोथिंबीर आणा."

गेल्या गुरुवारी ऊन उतरल्यावर दोघंच चार भिंतीवर गेलो. थर्मासमध्ये चहा होता, पण कप विसरले. मग झाकणातूनच आळीपाळीने प्यालो. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचा वारा म्हणजे काय ते सातारकरांना सांगायला नको. ओढणी कानाला गुंडाळूनच बसले. १८३० साली प्रतापसिंह महाराजांनी ही जागा बांधली ती राजघराण्याला इथून दसऱ्याची मिरवणूक दिसावी म्हणून. आम्ही काय बघितलं? आमची गच्ची. खाली दिवे लागत होते. हे म्हणाले, "ती सोलरची टाकी आपली." मी म्हटलं, "अहो, ती शेजाऱ्यांची, आपली डावीकडं कललीय." त्यावरून दहा मिनिटं वाद. तेवढ्यात फोन वाजला. कोथिंबीर मिळाली का?

आता तुम्ही सांगा. लांबचं रिसॉर्ट नको. पायी किंवा दुचाकीवर जाऊन रात्री जेवायला घरी परत, एवढंच.

गोडोलीकर
लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी हिला संध्याकाळी संगम माहुलीला नेलं. कृष्णा-वेण्णेचा संगम, जुने दगडी घाट, शांतता. माझ्या डोक्यात एवढंच. वाटेतली स्मशानभूमी मला लहानपणापासून सवयीची, दिसतसुद्धा नाही. ही इस्लामपूरची. घाटावर बसल्यावर पाच मिनिटांनी म्हणाली, "शेवटपर्यंत साथ देणार म्हणालात, पण इतक्या लवकर?" अजून माहेरी गेली की हा किस्सा होतोच. (घाट मात्र खरंच सुंदर आहे, जाऊन या.)

करंजेकरीण
दीड वर्षाचं पोर आहे, त्यामुळे डेट गच्चीवर. ते झोपलं की हा राजवाड्यावरून भेळ आणतो. अनुभवाचे बोल: चटण्या वेगळ्या बांधून घ्या, नाहीतर करंज्यात येईपर्यंत लगदा होतो. कांदा-कोथिंबीर घरची. सतरंजी, एक ताट, दोन चमचे. आणि आवाज हळू. परवा मला हसू आवरेना तर यानं माझ्या तोंडावर उशीच दाबली. तरी उठलंच. मग तिघांनी कुरमुरे खाल्ले.

सदरबझार, निवृत्त
आमच्या वेळी डेट नव्हती, राजपथ होता. नवी नवरी घेऊन निघालो की पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत निदान सहा ओळखीचे भेटायचे. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "काय मास्तर, कुठं दौरा?" सौ. चार पावलं मागं राहायची. आता मुलं पुण्याला, गुडघे दोघांचेही गेलेले. स्कूटर काढतो, यवतेश्वरच्या घाटात कडेला थांबतो, एक कणीस घेतो. दाणे मी सोडवतो, कारण तिची कवळी नवी आहे. आता ती शेजारी बसते.

माचीवरचा
उलटा अनुभव. कास पठार युनेस्कोच्या यादीत २०१२ साली आलं, आम्ही मात्र शहाणपणा करून सप्टेंबरातल्या रविवारी गेलो. फुलं थोडी बघितली, पुढच्या गाडीचा नंबर पाठ झाला. अंतर जेमतेम २५ किलोमीटर, पण परत यायला रात्र झाली. बायको बोलत नव्हती. घरी पिठलं टाकलं, ते चांगलं झालं, मग बोलली.

गोडोलीकर
कोथिंबिरीचं काय झालं ते राहिलंच की.

शनिवार पेठेतली
विसरलो. मंडई बंद झाली होती. सकाळी पोह्यांवर नुसतं खोबरं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या ताटलीत शेंगदाणे जरा कमी होते.