मदत हवी आहे: घोडीची पाणथरी (प्लीहा) काढताना रोहिणी नेमकी कुठे बांधायची?

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यक आहे. नऊ वर्षं गाई-म्हशींत गेली, गेल्या दीड वर्षापासून पुण्याजवळच्या एका तबेल्यातले घोडे बघतोय. घोड्यांच्या शस्त्रक्रियेत मुरलेलं कोणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा. थोडं सविस्तर लिहितोय, कारण जनावराच्या जिवाचा प्रश्न आहे.

१२ वर्षांची घोडी. वजन घटत चाललं म्हणून सोनोग्राफी केली, तर पाणथरीत मोठी गाठ निघाली. प्लीहा पूर्ण काढायची असं सर्जन सरांनी ठरवलंय. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या हाताखाली उभा राहणार आहे. सर फोनवर सगळं सांगतात, पण दर पाच मिनिटांनी त्यांना विचारणं बरं वाटत नाही.

माझी अडचण अशी की डोक्यात नकाशा गाईचा आहे. गाईची पाणथरी रुमेनला (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याला) आणि छाती-पोटामधल्या पडद्याला चिकटलेली असते आणि वरच्या टोकाजवळ एकाच ठिकाणी रक्तवाहिन्या आत शिरतात. घोड्याचं तसं नाही, हे वाचून माहीत होतं. हाताला कळलं ते गेल्या महिन्यात.

कॉलिकने (पोटशुळाने) गेलेल्या एका घोडीचं शवविच्छेदन करायला मालकांनी परवानगी दिली. मोठं आतडं पाणथरी आणि डाव्या मूत्रपिंडाच्या मधल्या लिगामेंटवर जाऊन अडकलं होतं. आतडं बाजूला केल्यावर त्या खाचेत माझा अख्खा तळहात मावला. पाणथरी कोयत्यासारखी: वर शेवटच्या बरगड्यांखाली रुंद आणि पुढे खाली निमुळती होत गेलेली. टेप लावली तर ५४ सेंटीमीटर. आतल्या अंगाला टोकापासून टोकापर्यंत एक लांब पन्हळ, तोच हायलस, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरण्याची जागा. त्या पन्हळीच्या कडेने प्लीहा-रोहिणी आणि नीला जोडीने उतरतात. रोहिणी माझ्या करंगळीएवढी. नीला तिच्यापेक्षा बरीच रुंद आणि भिंत इतकी पातळ की चिमट्याचं टोक लागलं आणि ती फाटलीच. जिवंत घोडीत असं झालं तर काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मग रोहिणीत कॅन्युला (बारीक नळी) घालून निळी शाई मिसळलेलं पाणी सोडलं. एका बाजूला पाणथरीत शिरणाऱ्या फांद्या भरत गेल्या, दुसऱ्या बाजूला जठराकडे जाणाऱ्या आखूड फांद्या. शेवटी पाणथरीच्या टोकाला मूळ वाहिनी संपलीच नाही. ती तशीच पुढे डावी गॅस्ट्रोएपिप्लोइक रोहिणी होऊन ओमेंटममधून (जठराला लटकलेल्या चरबीच्या पडद्यातून) जठराच्या मोठ्या बाकाकडे, म्हणजे बाहेरच्या लांब कडेकडे, निघून गेली. म्हणजे पाणथरीची आणि जठराच्या डाव्या कडेची वाट एकच आहे. आणि ही रोहिणी घोड्यात सीलिअॅकची (जठर, यकृत, पाणथरीला रक्त देणाऱ्या मुख्य रोहिणीची) सगळ्यात मोठी शाखा, ओघही तसाच जोरदार.

तर विचारायचं असं. मुळाशी एकच गाठ मारली तर काम लवकर होईल, पण जठराचा मोठा बाक उपाशी राहील का? की हायलसला लागून एकेक फांदी बांधत जायची आणि मूळ वाहिनी जठरासाठी शाबूत ठेवायची? दुसरं, नीला आधी बांधली गेली तर काय होतं? आणि शस्त्रक्रियेआधी फेनिलेफ्रिन (रक्तवाहिन्या आणि पाणथरी आकसवणारं औषध) द्यावं का? आतडं अडकतं तेव्हा पाणथरी आकसायला आपण ३ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट असं १५ मिनिटं देतो, पण इथे पाणथरीच आजारी आहे.

प्रतिसाद

डॉक्टर, शाईचा प्रयोग छान केलात. तुमचा पहिला प्रश्न फक्त पाणथरीचा नाही, तो जठराचाही आहे, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

जठर एकट्या या वाटेवर जगत नाही. डाव्या गॅस्ट्रिक रोहिणीचा पुरवठा भरपूर असतो. शिवाय मोठ्या बाकावर उजवी गॅस्ट्रोएपिप्लोइक समोरून येऊन डावीला मिळते. ती यकृताच्या रोहिणीकडून येते, त्यामुळे तिला धक्का लागत नाही. म्हणून मुळाशी बांधलं तरी जठर मरतं असं समजू नका. पण गाठ घालण्याआधी स्वादुपिंडाच्या डाव्या भागाकडे जाणाऱ्या फांद्या बोटाने शोधा आणि त्यांच्या पुढे, पाणथरीच्या बाजूलाच बांधा. जागा मिळेल तिथे मी स्वतः हायलसजवळच राहतो. वेळ जास्त जातो, पण मन शांत राहतं.

रोहिणी आधी, नीला नंतर. यात तडजोड नको. नीला आधी बंद झाली तर रक्त आत येत राहतं आणि पाणथरी फुगते. मग ती जड, ठिसूळ पाणथरी हातात धरून काम करावं लागतं. रोहिणी बांधून थोडं थांबलात तर आतलं रक्त घोडीच्या अंगात परत जातं. घोड्याच्या पाणथरीत तांबड्या पेशींचा केवढा साठा असतो! शर्यतीत पळताना हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ४० टक्क्यांवरून ६० च्या वर जातं ते याच साठ्यामुळे. तेवढं रक्त बादलीत गेलेलं परवडत नाही.

नीलेला कोरडा चिमटा लावूच नका. ओल्या गॉजने धरा आणि प्रत्येक वाहिनीला दुहेरी गाठ मारा. मूत्रपिंडाकडचं लिगामेंट वर खोल असतं, म्हणून डाव्या बाजूने १६व्या किंवा १७व्या बरगडीचा तुकडा काढून गेलात तर तिथवर हात पोचतो.

फेनिलेफ्रिनचा उपयोग होतो, पण गाठीचा भाग आकसणार नाही हे धरून चाला. १५ वर्षांपुढच्या घोड्यांत यानंतर जीवघेणा रक्तस्राव झालेला आहे. तुमची घोडी १२ ची, तरी रक्तदाब आणि ठोके बघत राहा. एसीपी (अॅसिप्रोमॅझिन, गुंगीचं औषध) मात्र टाळा, त्याने पाणथरी सैल पडून रक्ताने भरते. आणि रक्तदाता घोडा आदल्या दिवशीच क्रॉसमॅच करून (रक्त जुळतं का तपासून) तबेल्यात बांधून ठेवा.

धागाकर्ता

सर, मनापासून आभार. स्वादुपिंडाच्या फांद्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आज संध्याकाळी दोन घोड्यांचं रक्त क्रॉसमॅचला पाठवतोय. एकच राहिलं: सोनोग्राफीत गाठ हायलसच्या अगदी कडेला दिसतेय. तिथे पन्हळीत बोट जायला जागाच उरली नसेल, तर खालच्या टोकाकडून सुरुवात करत वर यावं का? ज्यांनी अशी केस हाताळली असेल त्यांनी जरूर लिहा. मंगळवारी सकाळी शस्त्रक्रिया आहे.