मदत हवी आहे: माजी विद्यार्थी संघ नोंदवायचाय, शाळेचे पैसे आणि मित्रांच्या मदतीचे पैसे एकत्र चालतात का?

शेवटचा_बाक

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीये पण खरंच मदत हवीये. आमची शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, पाचवी ते दहावी. आधी फक्त आमच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, मग मागच्यापुढच्या बॅचेस जोडल्या गेल्या आणि आता नुसतं गेट-टुगेदर पुरे, काहीतरी कायमचं उभं करूया असं सगळ्यांच्याच मनात आहे. तसं काम आधीपासून चालूच आहे. शाळेत मुलींच्या टॉयलेटची दुरुस्ती केली, लायब्ररीला पुस्तकं दिली. आणि एकमेकांनाही धरून आहोत, एका मित्राच्या किडन्या गेल्या तेव्हा डायलिसिसला पैसे उभे केले, एका मैत्रिणीचा नवरा अचानक गेला तेव्हा तिच्या मुलांची फी भरली. पैसे सगळे एकाच मित्राच्या सेव्हिंग अकाउंटला येतात. तो रुपयान् रुपया एक्सेलमध्ये लिहितो आणि दर महिन्याला शीट ग्रुपवर टाकतो, त्याच्यावर कुणाचाही कसलाही संशय नाही हे आधीच सांगते.

पण त्या शीटमध्ये 'शाळा' आणि 'मित्र' असे दोन कॉलम आहेत आणि खाली बेरीज एकच. मध्यंतरी डायलिसिसचे पैसे कमी पडायला लागले तेव्हा शाळेच्या कॉलममधून द्यायचे का यावर रात्रभर मेसेज चालले होते. अर्धे म्हणाले जीव आधी, टॉयलेट नंतर. बाकीचे म्हणाले ज्यांनी शाळेसाठी म्हणून दिलेत त्यांना न विचारता कसं वळवायचं. मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणूनच झोप लागत नाहीये, कारण यावरून माणसं दुरावली तर सगळंच गेलं.

तर विचारायचं असं की संघ रजिस्टर करावा का, केला तर दोन्ही कामं एकाच संस्थेत बसतात का, परदेशातले मित्र पैसे पाठवू शकतात का, आणि शाळेला नेमकं काय द्यावं? शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांचं म्हणणं प्रवेशद्वारावर कमान बांधा, देणगीदारांची नावं कोरू. आमच्यातल्या काहींना ते आवडलंय. मला नाही.

ताळेबंद

ताई, मी सीए आहे, अशा दोन-तीन संघांचं काम बघतो. सगळ्यात आधी ते पर्सनल अकाउंट बंद करा. तुमचा मित्र सज्जन आहे म्हणूनच सांगतोय, उद्या आयकर खात्याने विचारलं की ही रक्कम तुझी का नाही तर उत्तर त्यालाच द्यावं लागणार, एक्सेल दाखवून दरवेळी भागेलच असं नाही. शिवाय लोकांना माहीत नसतं पण आयकराच्या व्याख्येत मित्र हे नातेवाईक नाहीत. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर रक्कम भेट म्हणून आली तर घेणाऱ्याच्या हातात ती पूर्ण करपात्र होऊ शकते. म्हणजे आजारी माणसाच्या खात्यात तुम्ही लाखभर गोळा करून टाकता आणि वर त्याला टॅक्सची नोटीस यायची सोय करून ठेवता. पुढची मोठी मदत करण्याआधी याबाबत नीट सल्ला घ्या.

नोंदणीचं म्हणाल तर महाराष्ट्रात १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली नोंद होते, दोन्हीचं काम धर्मादाय कार्यालयातच. किमान ७ सभासद लागतात. घटना, म्हणजे नियमावली, नीट लिहा, नेटवरून उचलू नका, कारण पुढे दर भांडणात तीच उघडली जाते. शाळेचं नाव वापरणार असाल तर शाळेचं ना हरकत पत्र घेऊन ठेवा. आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची माहिती, धर्मादाय कार्यालयाला द्यायचा. बहुतेक संघ इथेच मरतात. पहिली कमिटी उत्साहात नोंदणी करते, नंतर निवडणूक होते पण रिपोर्ट कुणी देत नाही, दहा वर्षांनी रेकॉर्डवर जुनीच नावं, त्यातले दोघं वारलेले, आणि बँक सही बदलून द्यायला तयार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दोन्ही कामं एका संस्थेत घालू नका. शाळेला मदत हे शिक्षणाचं काम, धर्मादाय. त्यासाठी १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) मिळू शकतं (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत पण सगळे अजून ८०जीच म्हणतात). सभासदांनी सभासदांना मदत करणं हे कितीही चांगलं असलं तरी ते आपसातलं आहे, समाजातल्या कुणालाही खुलं नाही, आणि धर्मादाय पैशातून देणगीदारांचा किंवा पदाधिकाऱ्यांचाच फायदा होतोय असं दिसलं तर करसवलत धोक्यात येते. म्हणजे तुमच्यातला वाद कायद्याने आधीच मिटवलाय, शाळेसाठी आलेला पैसा शाळेलाच.

८०जीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. देणाऱ्याने जुनी करप्रणाली घेतली असेल तरच वजावट, आणि २,००० च्या वर रोख दिली तर नाही.

निवृत्त_खडू

मी अनुदानित शाळेतूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. कमान नको म्हणता हे वाचून बरं वाटलं.

आमच्याकडे एका बॅचने संगणक दिले होते. फार मोठ्या मनाने दिले, उद्घाटन झालं, फोटो झाले. पण त्या खोलीच्या वायरिंगला तो लोड झेपत नव्हता, लाईट बिल वाढलं तर कुठल्या खात्यातून भरायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि शिकवायला माणूस नव्हता. मॉनिटरवरची प्लॅस्टिकची कव्हरं मी रिटायर होईपर्यंत निघाली नाहीत. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झालेली असल्यामुळे दुसऱ्या शाळेला देताही येईनात. देणाऱ्यांना हे कधी सांगवलं नाही, त्यांचं प्रेम खरं होतं.

म्हणून वस्तू देण्याआधी मुख्याध्यापकांबरोबर शाळाभर फिरा, शिपायाशी बोला, आणि मुलींना काय हवंय ते बाईंमार्फत विचारा. टॉयलेट दुरुस्त केलंत ते उत्तम, पण तिथे पाणी दिवसभर असतं का, रोज साफ कोण करतं आणि त्याला पैसे कोण देतं? बांधायला देणगीदार मिळतात, झाडायला मिळत नाहीत. संघाने दरमहा तेवढंच उचललं तरी मुली सुट्टीपर्यंत पाणी न पिता बसायच्या थांबतील. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

दुसरं म्हणजे आठवीच्या मुलांना एनएमएमएस परीक्षेला बसवा. केंद्राची शिष्यवृत्ती आहे, अनुदानित शाळांना चालते, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे एका मुलाला चार वर्षांत ४८,०००. बौद्धिक क्षमतेचा एक पेपर आणि शालेय विषयांचा एक, प्रत्येकी ९० प्रश्न. हुशार पण गरीब पोरं पहिल्या पेपरला अडकतात कारण आकृत्यांचे आणि संख्यामालिकेचे प्रश्न त्यांनी कधी पाहिलेलेच नसतात. तुमच्यातले जे इंजिनिअर, बँकवाले असतील त्यांनी शनिवारी ऑनलाइन तास घेतले तरी पुष्कळ फरक पडतो. याला पैसे लागत नाहीत, सातत्य लागतं.

शेवटचा_बाक

सर, ताळेबंद दादा, खूप खूप आभार. सर, पाण्याचं वाचून मी लगेच तिथे शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणीला फोन लावला. मोटर बंद आहे. दुरुस्ती झाली तेव्हा चालू होती. हे आम्हाला कुणीच कळवलं नव्हतं आणि शाळेनेही मागायला संकोच केला असणार.

एनएमएमएसचं आजच ग्रुपवर टाकते. आणखी एक विचारायचं होतं, देणगी शाळेच्या नावाने द्यायची की शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या? संस्थेच्या चार शाळा आहेत आणि पैसे भलत्याच शाळेकडे जातील अशी भीती काहींना वाटते.

ताळेबंद

अनुदानित शाळेचं स्वतःचं वेगळं अस्तित्व नसतं, मालक संस्थाच. त्यामुळे शक्यतो रोकड देऊ नका. प्लंबरचं, मोटरवाल्याचं बिल तुमच्या संघाने थेट चुकतं करायचं, किंवा देणगी द्यायचीच तर कामाचं नाव घालून पत्र द्यायचं आणि पावतीवर तोच हेतू लिहून घ्यायचा. हेतू लिहिलेला असला की नंतर विचारायला तोंड राहतं. केंद्राचं विद्यांजली पोर्टलही बघा, २०२१ पासून नव्या रूपात चालू आहे, सरकारी आणि अनुदानित शाळा त्यावर आपली गरज टाकतात आणि माजी विद्यार्थी वेळ किंवा वस्तू देऊ शकतात. शाळेने आधी त्यावर नोंद केलेली हवी.

दूरदेशी

परदेशातून पाठवण्याबद्दल, मी स्वतः यात आहे म्हणून लिहितो. पासपोर्ट अजून भारतीय असेल तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत, पासपोर्टची प्रत मागून फाईलला ठेवा. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, भले भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो, त्याचा पैसा परकीयच. तो घ्यायला २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्यासाठी संस्था निदान ३ वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला हवा, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच. नव्या संघाला हे झेपणारं नाही. भावाच्या नावाने पाठवतो मग तो देईल असल्या आडवाटा कुणी सुचवल्या तर स्पष्ट नाही म्हणा. मी पैशांऐवजी मुलांना इंग्रजी बोलायला शिकवतो, आठवड्यातून एकदा, व्हिडिओ कॉलवर.

मधली_सुट्टी

मला त्या 'मित्र' कॉलमबद्दल बोलायचंय, सगळे शाळेवरच बोलतायत. आमच्या संघात कोणाला अडचण आली की मोठ्या ग्रुपवर फोटो, रिपोर्ट, गुगल पे नंबर असं सगळं यायचं. मदत मिळायची पण तो माणूस नंतर गेट-टुगेदरला यायचा बंद व्हायचा. एक मैत्रीण तर सरळ म्हणाली, मला पैसे मिळाले पण आता वर्गातला प्रत्येक जण माझ्याकडे बिचारी म्हणून बघतो.

मग आम्ही तिघांची छोटी समिती केली, त्यात एक बाई असायलाच हवी असं ठरवलं. ज्याला अडचण आहे त्याने, किंवा त्याच्या जवळच्या मित्राने, या तिघांपैकी कुणालाही फोन करायचा. मोठ्या ग्रुपवर फक्त एवढंच जातं की एका सभासदाला उपचारासाठी मदत हवीये, नाव नाही. पैसे हॉस्पिटलच्या किंवा शाळेच्या खात्यावर थेट. एका वेळी एका माणसाला किती द्यायचे याची मर्यादा आधीच ठरलेली, म्हणजे डायलिसिससारख्या न संपणाऱ्या खर्चात कुणी एकटा ओढला जात नाही आणि नाही म्हणायची वेळ आली तरी ते कुणा एकाच्या तोंडून जात नाही.

आणि पैशांहून जास्त लागतं ते दुसरंच. तुमच्या त्या मैत्रिणीला नवऱ्याच्या पीएफचा क्लेम, विम्याचे कागद, वारस दाखला या सगळ्यात कुणी सोबत गेलं होतं का? आमच्याकडे एलआयसीतला एक मित्र आणि एक वकील मैत्रीण यांनी एवढंच काम अंगावर घेतलंय.

शेवटचा_बाक

मधली_सुट्टी ताई, नाही गेलं कोणी. फी भरली आणि आम्हाला वाटलं झालं. आजच तिला फोन करते.

सध्या असं ठरवतोय की शाळेसाठी संघ रजिस्टर करायचा, मित्रांची मदत त्याच्या बाहेर, समितीमार्फत थेट बिल भरून, आणि मोटर या आठवड्यात. कमानवाल्यांना सरांची पोस्ट वाचायला दिलीये, दोघं गप्प झालेत, एक अजून अडून आहेत. शेवटचं एक सांगा, कार्यकारिणीत सध्याच्या मुख्याध्यापकांना घ्यावं का?

ताळेबंद

मतदानाचा हक्क असलेले सभासद म्हणून नको, त्यांच्यावर संस्थेचा दबाव येतो. निमंत्रित म्हणून प्रत्येक सभेला बोलवा आणि घटनेत तसं लिहून ठेवा. बँकेत कुठल्याही दोघांच्या सह्या, दोघं वेगवेगळ्या बॅचचे.