आळस नव्हे, मागं राहिलेलं संवेदन

दादा, 'अंतर्ज्ञानी माणसं रोजच्या गोष्टींत आळशी असतात' हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्येच मांडलंय, की अंतर्ज्ञान (पुढच्या शक्यता आपोआप जाणवणं) पुढं असेल तर संवेदन (इंद्रियांतून, शरीरातून येणारी आत्ताची जाणीव) दबून राहतं. अंतर्मुख अंतर्ज्ञानी माणसांत ते शरीराच्या दुखण्याची अति काळजी बनून उसळतं, हेही त्यांनी नोंदवलंय.

लातूरला माझ्या धाकट्या बहिणीत हेच दिसतं. बचत गटाचं पुढचं सगळं चित्र तिच्या डोळ्यांसमोर असतं, पण दुपार टळली तरी भुकेची जाणीव नाही! मग डोकं ठणकलं की नाही नाही त्या आजारांची धास्ती.

अशा माणसाला बोल लावू नका. भाकरी थापायला बसवा. ज्वारीचं पीठ नीट मळलं नाही तर कड चिरते, तिथं लक्ष हातातच ठेवावं लागतं. बहिणीला याचा खरंच उपयोग होतोय.