पाइपचा गॅस घ्यावा की सिलिंडरच बरा? (पुणे)

राजगिरा: सोसायटीत पाइपलाइन आलीय. घरी जोडणी घ्यावी का? शिवाय तळमजल्याच्या गाळ्यात आमची छोटी खानावळ आहे, तिथे 19 किलोची सिलिंडरं लागतात. सासूबाई म्हणतात, सिलिंडर सोडलं की सबसिडी जाईल. मला भीती वेगळीच, एकदा अडकलो की दर वाढवत नेतील. जाणकारांनी सांगा.

नळस्टॉपकर: सबसिडी येते तरी का? पासबुक बघा. उज्ज्वला सोडून बाकीच्यांची 2020 मध्येच जवळजवळ बंद झाली. उज्ज्वलावाल्यांना सिलिंडरमागे 300 रुपये मिळतात. तुमची जोडणी उज्ज्वलाची नसेल तर जाण्यासारखं काही नाही. 14.2 किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता साधारण सतरा-अठरा घनमीटर पाइपच्या गॅसमधून मिळते. शेजाऱ्याच्या बिलावरचा दर अठराने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा.

खडूसकाका: घर आणि खानावळ एका मापाने मोजू नका. ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतला स्वस्त गॅस (एपीएम म्हणतात तो) सरकार आधी घरगुती पाइपला आणि सीएनजीला देतं. एप्रिल 2023 पासून त्याचा भाव कच्च्या तेलाच्या भावाच्या 10 टक्के. तेल कितीही भडकलं तरी वर 6.5 डॉलरचं झाकण होतं, दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटला. 2025 पासून ते वर्षाला पाव डॉलरने उचलतात. हॉटेल-कारखान्यांना हे झाकण नाही. त्यांचा गॅस बाजारभावाचा, बराचसा एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला, जहाजातून आलेला गॅस. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर युरोपने मिळेल त्या भावाला एलएनजी उचलला, तेव्हा गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी पाइपचा गॅस सोडून प्रोपेन (एलपीजीचाच भाऊ) धरला. खानावळीला एवढी पळवाट कुठली?

राजगिरा: पण 2024 मध्ये स्वस्त गॅसचा कोटा कापला ना? मग घरचाही महागणार?

खडूसकाका: कात्री लागली ती सीएनजीला. वाटपात स्वयंपाकघराचा नंबर पहिला आहे. जुन्या विहिरी आटतायत हे खरं, त्यामुळे दर वाढणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण सिलिंडर तरी कुठे आपल्या घरचं? एलपीजीही निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतो.

माळरान: थोडं अवांतर. गॅसवरची मोठी सबसिडी शेतात आहे. युरियाची 45 किलोची गोणी आम्हाला 266 रुपये 50 पैशांना मिळते. ती बनवायला लागणारा गॅस बहुतेक आयात, वरचा फरक केंद्र भरतं. शहरात दोन रुपये वाढले की केवढा गलका!

नळस्टॉपकर: मान्य, पण शहराला राज्यानेही हात दिलाय. गॅस जीएसटीबाहेर आहे, म्हणून त्यावरचा व्हॅट राज्याच्या हातात. 1 एप्रिल 2022 पासून महाराष्ट्राने तो 13.5 वरून 3 टक्के केला.

चिमूटभर: शेगडीचं कुणीच बोललं नाही. जेट (बर्नरखालची गॅस सुटायची तोटी) बदलून घ्या, पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं. आमच्याकडे मोठ्या बर्नरचं बदललं, छोट्याचं राहिलं. त्यावर पोळी फुगेचना, नुसती वाळायची. माणूस आला की सगळे बर्नर पेटवून दाखवायला लावा, मगच सही.

राजगिरा: घरी घेतेच. खानावळीचं?

खडूसकाका: व्यावसायिक दर कशाला जोडलाय आणि किती दिवसांनी बदलतो, ते लेखी मागा. गॅस कमी जळला तरी भरावाच लागेल असा किमान आकार आहे का तेही विचारा, मे महिन्यात जेवायला येणारी मुलं गावी गेली की तुमचा धंदा निम्मा होत असेल. उत्तर गोलमोल आलं तर सध्या 19 किलोचंच चालू ठेवा. आणि घरच्या पाइपला टी (फाटा काढायचा जोड) मारून गाळ्यात नेऊ नका, कुणी कितीही सुचवलं तरी.