द्राक्ष छाटणीचे धडे ऑनलाइन शिकवायचेत, साइट कशात बनवू?

पिंपळगावकर: आमच्या नाशिक भागात एप्रिलची खरड छाटणी (नवीन काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (घडांसाठी) नवीन पोरांना नीट शिकवणारं कोणी नाही, म्हणून ८-१० व्हिडिओ आणि छोटी चाचणी असलेली साइट करायचीय. कोडिंग शून्य. मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) घेऊ की वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर)?

सिडको_वेब: मूडल फुकट आहे, २००२ पासून चालू आहे, मराठीतही येतं, पण ते शाळा-कॉलेजसाठी, सर्व्हर सांभाळावा लागतो, अपडेट, बॅकअप सगळं. १० व्हिडिओंसाठी एवढा पसारा नको. वर्डप्रेस घ्या, त्यात ट्यूटर एलएमएस नाहीतर लर्नप्रेस प्लगइन (धडे-चाचणीची सोय देणारी जोडणी) टाका, दोन्हीची फुकट आवृत्ती आहे आणि चाचणीपण होते.

ओझरची_ताई: दादा, व्हिडिओ स्वतःच्या होस्टिंगवर (साइटसाठी घेतलेल्या सर्व्हरवर) अजिबात ठेवू नका, मी ठेवले होते, चार जणांनी एकदम लावले की साइट बसायची. यूट्यूबवर अनलिस्टेड (शोधात न दिसणारे) टाकून साइटवर जोडा. पण लिंक ज्याच्याकडे जाईल तो कोणीही बघू शकतो, त्यामुळे फी घेणार असाल तर हे चालणार नाही.

पिंपळगावकर: फी नाही ताई, फुकटच.

सिडको_वेब: मग आधी गूगल साइट्स आणि गूगल फॉर्मवर एकच धडा करा, खर्च शून्य. मळ्यात उभं राहून मोबाइलवर उघडून बघा, रेंज तिथेच कळेल.