छंदाचे काम झाले तेव्हा: जादूगारांचे अनुभव

लहानपणी लागलेला जादूचा नाद ज्यांच्या बाबतीत पुढे पोटापाण्याचे साधन झाला, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. प्रयोगांमागची गुपिते नकोत; छंदाचे काम होताना काय बदलले, ते हवे. सुरुवात माझ्यापासून करतो.

नवव्या वर्षी मी नाणे तळहातात दडवायला शिकलो. बोटे सैल सोडलेली दिसावीत आणि नाणे मात्र अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यापाशी अलगद धरलेले राहावे, एवढ्या एका गोष्टीसाठी मी वर्षभर आरशासमोर उभा राहिलो. आरशात सारे निर्दोष दिसे. पंधराव्या वर्षी एका मित्राने माझे चित्रीकरण करून दाखवले, तेव्हा कळले, की ऐन हातचलाखीच्या क्षणी माझ्या पापण्या मिटत होत्या. म्हणजे इतकी वर्षे मी ज्याला फसवत होतो, तो प्रेक्षक मीच होतो. ती खोड मोडायला दोन वर्षे गेली आणि पैसे घेऊन केलेला माझा पहिला प्रयोग त्यानंतरचा.

*

माझा नाद पत्त्यांचा. ५२ पत्त्यांचे बरोबर दोन भाग करायचे आणि वरचा पत्ता वर, खालचा खाली राखून ते एकाआड एक गुंफत पिसायचे. असे सलग ८ वेळा बिनचूक केले, की जोड पुन्हा मूळ क्रमावर येतो. हे जमेपर्यंत माझे शिक्षण संपत आले होते. लोकांसमोर केले तेव्हा एकही टाळी पडली नाही, कारण त्यांना दिसले ते एवढेच, की एक माणूस बराच वेळ पत्ते पिसतो आहे! आज माझ्या कार्यक्रमात पत्त्यांचे दोनच प्रयोग उरले आहेत आणि दोन्ही सोपे आहेत. अवघड ते मी घरी, स्वतःसाठी करतो. पत्त्यांचे नामवंत जादूगार डाय व्हर्नन (१८९४–१९९२) यांनी १९२२ मध्ये खुद्द हूडिनीला, म्हणजे त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध जादूगाराला, पत्त्यांच्या प्रयोगात चकवले होते, तरी पोटासाठी ते कात्रीने लोकांच्या छायाकृती कापून देत, हे वाचल्यावर मला जरा बरे वाटले.

*

मी मुलांच्या वाढदिवसांना प्रयोग करतो. मोठी माणसे आपण बघू तिकडे बघतात, पण जमिनीवर बसलेले पाच वर्षांचे मूल खालून थेट बाहीत बघते आणि दिसले ते ओरडून सांगते. एकदा असे झाल्यावर यजमानांनी ठरलेल्यापैकी निम्मेच पैसे हातावर ठेवले. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतो आणि मुलांना थोडे लांब बसवतो.

*

वरचे तिन्ही अनुभव बाहेर उभे राहणाऱ्यांचे आहेत, म्हणून आतला लिहिते. मीही शाळेत असल्यापासून दोऱ्या आणि रुमालांचे प्रयोग करत होते, पण काम मागायला गेले की एकच विचारणा होई: पेटीत मावाल का? जादूगार पी. टी. सेल्बिट यांनी १९२१ मध्ये लंडनच्या रंगमंचावर बाई करवतीने कापून दाखवली, तेव्हापासून पेटीत बहुधा बाईच असते आणि श्रेय करवतवाल्याला जाते. प्रत्यक्षात बाहेरच्याने करवत ओढायची आणि चेहरा गंभीर ठेवायचा. अंग चोरणे, वेळ साधणे, श्वास आवरणे आणि वर हसत राहणे, हे सारे आतलीने करायचे. सहा वर्षे ते केल्यावर मी स्वतःचा कार्यक्रम उभा केला. पेटी तीच ठेवली, आत मात्र एक तरुण सहकारी असतो. पहिल्या तालमीला त्याने मला विचारले, "आत मला नुसते पडून राहायचे आहे ना?" त्याला ती पेटी शिकवायला तीन आठवडे लागले.